सारूबाईच्या पायथ्याची जागा

मी एका बाईला उलटं पुरलं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी माझ्या नोकरीच्या फुशारक्या मारू लागले की मला आवरायला तुमच्या हाताशी काहीतरी राहील.

उलटं म्हणजे पालथं नव्हे. तेवढी अक्कल होती. आमच्या ख्रिस्ती लोकांत मयताचं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवायची जुनी रीत आहे. प्रभू परत येईल तो उगवतीकडून. मेलेली माणसं उठतील, आणि उठून उभी राहतील तेव्हा त्यांचं तोंड आपोआप त्याच्याकडं असेल, असा त्यामागचा विचार. मी सारूबाईचं डोकं पूर्वेला ठेवलं. म्हणजे शेवटच्या दिवशी सगळं कबरस्तान प्रभूकडं तोंड करून उभं राहणार आणि एकटी सारूबाई पाठमोरी, डाळमिलच्या धुराड्याकडं बघत.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. मूळची मी नायगाव तालुक्यातली. तीन वर्षं शास्त्राचं शिक्षण घेतलं, पत्र्याच्या ट्रंकेत प्रमाणपत्र घातलं आणि लातूरच्या कडेला असलेल्या एका वस्तीतल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांत, बायबलबाई म्हणून रुजू झाले. बायबलबाई म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. पाळक हा मंडळीचा मोठा माणूस. तो रविवारी उपदेश करतो, लग्नं लावतो, बाप्तिस्मा देतो. सोमवार ते शनिवार बायबलबाईचे. ती घरोघर जाते, बायांना अक्षरं शिकवते, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करते, नवरा-बायकोचं भांडण ऐकून घेते आणि कुणाचीच बाजू न घेता चहा पिऊन बाहेर पडते. आणि मंडळीतली एखादी बाई वारली की तिला शेवटची आंघोळ घालते, पांढरं लुगडं नेसवते, केस विंचरते आणि मग पेटीत ठेवू देते. मी इतक्या बायांचे शेवटचे केस विंचरले आहेत की अजूनही एखादी जिवंत बाई जवळ येऊन बसली तरी माझी नजर आधी तिच्या भांगाकडं जाते. सून म्हणते, आई, असं बघू नका, भीती वाटते.

आमचा माल एकच, तारण. पापातून आणि मरणातून सुटका. आमचा विश्वास असा, की ती पुण्य साठवून मिळत नाही. प्रभूने ती आधीच मिळवून ठेवली आहे, आपण विश्वासाने हात पुढं करायचा. मेलेला माणूस संपत नाही. तो प्रभूपाशी विसाव्याला जातो आणि शेवटच्या दिवशी शरीरासकट उठतो. ऐकायला किती सोपं. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूवर आपल्याकडं कुणाचा भरवसा बसत नाही, आणि बायका तर भाजी घेताना दहा प्रश्न विचारतात, स्वर्ग असाच घेतील होय? एका आजीनं शेवटच्या आजारपणात मला विचारलं, तिकडं भाकरी कोण थापतं. मी म्हटलं, तिकडं भूकच नाही. ती जरा वेळ विचार करून म्हणाली, "मंग बायाच लई आल्या असत्याल." दुसरीनं, आपली सासू कोणत्या बाजूला बसत असेल, ते आधी नीट विचारून घेतलं.

सारूबाई मात्र कधी काही विचारत नसे. ती आणि तिचा नवरा दानेलबाबा, दोघंच. मूलबाळ नाही. बाबा डाळमिलमध्ये हमाल. ती साधी, घाबरट, आणि दिशेला तर इतकी कच्ची की बुधवारच्या बाजारातून येताना रस्ता चुकायची आणि बाबा तिला शोधायला निघायचे. वस्तीत हा चेष्टेचा विषय होता. ती श्रावणात वारली, तापानं, दोन दिवसांत.

पाळकसाहेब दुसऱ्या गावच्या मंडळीत गेलेले आणि मधली नदी भरलेली. मयत ठेवता येईना. पंच मला म्हणाले, बाई, तुम्हीच प्रार्थना म्हणा आणि माती द्या. मला काय, हेच हवं होतं. मी इस्तरीचं पातळ नेसून, छत्री धरून, सगळ्यांच्या पुढं कबरस्तानात पोचले. खड्डा चांदचाचांनी खोदलेला. चांदचाचा म्हणजे सडकेपलीकडच्या मुसलमानांच्या कबरस्तानात खोदकाम करणारे. आमच्यात कुणाला ते येत नव्हतं म्हणून आमच्याकडंही तेच यायचे. चार दिवस झड लागलेली, सूर्याचा पत्ता नाही. चाचांनी विचारलं, सिराणा, म्हणजे डोक्याची बाजू, कुणीकडं. मी बोट केलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, मगरिब तिकडं न्हाई, इकडं हाय. तुमच्या लोकांचा सिराणा मगरिबला ऱ्हातोय."

आता बघा. हा माणूस रोज पाच वेळा पश्चिमेकडं, त्याच्या मगरिबकडं, तोंड करून नमाज पढतो. त्याचा जन्म खड्डे खोदण्यात गेला. आणि त्याला मी, कालची पोरगी, काय म्हणाले असेन?

"चाचा, तुमची पश्चिम तुमच्यापाशी, आमची आमच्यापाशी."

हे मी म्हणाले. चारचौघांत म्हणाले. माझं गणित असं होतं की चर्चची वेदी पूर्वेला असते. आमच्या शिक्षणाच्या ठिकाणी होती, म्हणून जगात सगळीकडं असणार. इथलं आमचं चर्च मूळचं कापसाचं गोदाम होतं आणि जिथं मोठी भिंत मिळाली तिथं, म्हणजे मावळतीला, वेदी केलेली, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पुस्तकवाल्या बाईचा मान ठेवून चाचांनी सांगितल्या बाजूला सिराणा केला. मी खणखणीत आवाजात प्रार्थना म्हटली. लोक म्हणाले, पोरीनं छान केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं.

दानेलबाबा फुलं ठेवायला गेले, तर सूर्य डोक्याशी रोवलेल्या क्रूसामागून वर येतोय. ते तसेच माझ्या खोलीवर आले. ओरडले नाहीत. दारातच उभं राहून म्हणाले, "बाई, माझी सारू पाठमोरी उठंल."

चूक मला तिथंच कळली. पण तेवीस वर्षांचं माणूस चुकलं असं म्हणत नाही, ते व्याख्यान देतं. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि आत्मा, शरीर, गौरवी शरीर, देवाला दिशा नसते, देव अंतःकरण पाहतो, हे सगळं बोट नाचवून सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मी थांबले तेव्हा म्हणाले, "हे समदं खरं असंल. देवाला कळतंय, बाई. पर सारूला दिशा कळत न्हाई. उठल्यावर म्होरं कुणीच दिसलं न्हाई, तर ती भील."



नदी उतरल्यावर पाळकसाहेब परतले. मी रडत सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग मला जे बोलले ते इथं लिहीत नाही. उकरायचं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, एकदा मातीला दिलेलं आपण उकरत नाही, आणि प्रभू एवढा बावळट नाही. ते बरोबरच होतं. पण बाबांची झोप उडाली होती. मिलमध्ये पोतं उचलताना मध्येच उभे राहायचे, असं लोक सांगत. मी त्यांच्या घरावरून जायचं टाळू लागले. घरोघर जायचा पगार घेणारी मी, एक घर सोडून लांबून वळसा घालून जायची.

महिनाभरानं तेच आले. चेहरा उजळलेला. बाहेर अंगणात काडीनं त्यांनी मातीत रेघ मारून दाखवली. ही सारू. डोकं उगवतीला, पाय मावळतीला. ती उठणार मावळतीकडं तोंड करून. आता तिच्या पायथ्याला जी जागा आहे, तिथं मला पुरा, पण मला रीतीप्रमाणं पुरा. मी उठणार उगवतीकडं तोंड करून. म्हणजे डोळं उघडल्यावर तिला पहिला कोण दिसंल?

"मी दिसतो. मंग भ्यायचं काय काम? खांद्याला धरून वळवतो तिला आन् म्हणतो, तिकडं बघ. येवढी जागा राखा, बाई. मला मागं कुणी न्हाई."

मी शब्द दिला. जागा सहा फूट लांब, तीन फूट रुंद, कबरस्तानाच्या पश्चिमेच्या कुंपणाला लागून. माझ्या सगळ्या नोकरीत मी एवढं एकच काम संपूर्ण माझं असं केलं.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलं झाली. कुणाचं मयत झालं की मी आधी जाऊन त्या जागेवर उभी राहायची, म्हणजे कुणाचं लक्ष तिकडं जाऊ नये. मग भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती गेलेले, लोक दमून झोपलेले. भुई हलली तेव्हा मी पोरांना घेऊन बाहेर पळाले. पोरं एका हाताला, दुसऱ्या हातात ती पत्र्याची ट्रंक, प्रमाणपत्राची. नवरा मागून विचारतोय, ट्रंक कशाला? अजून विचारतो. उजाडायला लागलं तेव्हा कोण सापडतंय, कोण नाही, हे बघत आम्ही वस्तीत फिरलो. आमच्याकडं भिंतींना तडे गेले होते, माणसं शाबूत होती. एक दानेलबाबा तेवढे घरात नव्हते.

ते कबरस्तानात सापडले. सारूबाईच्या पायथ्याला, त्या मोकळ्या जागेवर, उगवतीकडं तोंड करून ताठ उभे. धोतर स्वच्छ, डोक्याला पटका नीट बांधलेला. मी विचारलं, बाबा, इथं काय करताय?

"भुई हालली. म्हनलं, आला तो दिवस. सारू उठंल म्हनून पळत आलो," ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "न्हाई उठली अजून."

मी तिथंच खाली बसले. पुनरुत्थानावर वीस-वीस मिनिटं बोलणारी मी. भुई हलली तेव्हा माझ्या डोक्यात पुनरुत्थान आलंच नव्हतं. मी प्रमाणपत्र वाचवलं होतं. आणि हा हमाल पटका बांधून हजर झाला होता.

दोन दिवसांनी मंडळीतून आम्ही काहीजण भूकंपाच्या गावांकडं गेलो, पाणी आणि चादरी घेऊन. तिथलं काय सांगू. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि न पाहिलेल्यांना सांगता येत नाही. दानेलबाबाही आले होते, पाण्याच्या घागरी उचलायला. एक बाई दगडांच्या ढिगाऱ्यावर बसलेली होती, तिच्या केसांत माती. माझ्या गळ्यातला क्रूस बघून तिनं मला विचारलं, तुमच्यात मेलेले उठतात म्हणे. माझी चौघं एकाच सरणावर गेली, राख सुद्धा कुणाची कुठली कळेना. त्यांचं काय?

मला जे शिकवलं होतं त्यात आधीचा प्रश्न होता विश्वासाचा, बाप्तिस्म्याचा. तो माझ्या जिभेवर आलाही होता, हे मी आज कबूल करते. त्याआधीच बाबांनी घागर खाली ठेवली आणि म्हणाले, "माझ्या देवानं मातीतनं मानूस केलाय, माय. राखंचं त्येला काय अवघड?"

मी पिशवीतून फणी काढली आणि तिचे केस विंचरू लागले. जिवंत बाईचे. ती बसून राहिली. पुष्कळ वेळ लागला, मातीचे गोळे झाले होते. त्या दिवसापासून मी कोण आत जाईल आणि कोण बाहेर राहील, हे सांगायचं सोडलं. माझी नेमणूक निरोप पोचवायला होती. दार उघडायचं काम ज्याचं आहे त्याच्यापाशीच आहे, आणि त्याला माझी मदत लागत नाही हे कळायला मला भूकंप लागला. विश्वास कमी झाला असं समजू नका. उलट तेव्हापासून माझ्या प्रार्थना आखूड झाल्या आणि लोक मला जास्त बोलावू लागले.

पुढं लातूर वाढलं. बारावीच्या निकालानं शहराचं नाव झालं आणि खेड्यापाड्यातून, कंधार-माहूरकडून, कुठून कुठून पोरं-पोरी ट्रंका घेऊन यायला लागली. आमची वस्ती कधी शहरात गेली ते कळलंही नाही. डाळमिलच्या जागी क्लासेसची इमारत उभी राहिली, आजूबाजूला होस्टेलं आणि खानावळी. मोठमोठ्या फलकांवर पोरांचे फोटो, खाली यशाची शंभर टक्के खात्री. मी म्हणायची, ही जाहिरात आमच्याकडून उचलली. फक्त आमचा निकाल कधी लागणार ते कुणाला ठाऊक नाही, आणि आमच्यात फी दुसऱ्यानंच भरलेली आहे. शांतता म्हणून ती पोरं आमच्या कबरस्तानात अभ्यासाला येऊन बसत, कबरीच्या कट्ट्यावर, मोठ्यानं पाठ करत. आमच्या मयतांना आता रसायनशास्त्र चांगलं येत असणार. मेडिकलला लागतील एखाद्या वर्षी.

आणि मग रस्ता रुंद करायचं निघालं. आखणीची रेघ नेमकी पश्चिमेच्या कुंपणाच्या आतून, त्या जागेवरून. मंडळीची सभा बसली. सेक्रेटरी समजूतदार माणूस, त्यानं सांगितलं की तेवढी पट्टी द्यावी, तिथं कुणाची कबर नाही, जागा रिकामी आहे.

मी उठले. म्हटलं, रिकामी नाही.

त्यानं विचारलं कुणाची कबर आहे. मी म्हटलं, दानेलबाबांची.

सगळी सभा मागं वळली. दानेलबाबा शेवटच्या बाकावर बसले होते, ऐंशीच्या घरात, हातात काठी. सेक्रेटरी चष्मा काढून म्हणाला, "बाई, बाबा तर इथं बसलेत."

मी काही बोलायच्या आत बाबाच काठीवर भार देऊन उभे राहिले. म्हणाले, "अडचन हुत असंल तर आजच पडतो. पर जागा तीच."

आधी हशा पिकला. मग मी सारूबाईची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर, माझ्या चुकीसकट, चाचांना मी काय म्हणाले होते त्यासकट. वीस वर्षं मंडळीला वाटत होतं की सारूबाईचा क्रूस कारागिरानं चुकीच्या टोकाला बसवला. खाली बसले तेव्हा माझे कान तापले होते आणि हसत कुणी नव्हतं. सेक्रेटरीनं कागद घडी करून खिशात घातला. नंतर तो आणि मी मोजणीवाल्यांच्या कचेरीत किती खेपा घातल्या ते आम्हालाच ठाऊक. शेवटी रेघ थोडी सरकली. आजही जाऊन बघा, कबरस्तानाची भिंत सरळ येते आणि एका जागी बाहेर कुबड काढून पुन्हा सरळ जाते. येणारेजाणारे गवंड्याला हसतात. ते कुबड माझं आहे. लोकांची नावं शाळांना, रस्त्यांना देतात. मला भिंतीचं कुबड मिळालं, आणि मी ते कुणाला देणार नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी बाबा गेले. शेवटच्या आठवड्यात मी रोज दुपारी जाऊन बसायची. सवयीनं एकदा विचारलं, बाबा, तारणाची खात्री आहे ना? त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "माझी खात्री ऱ्हाऊ द्या. तुमी दिशा बघा."

माती द्यायच्या दिवशी आकाश निरभ्र होतं, लख्ख ऊन. शेंबड्या पोरालाही पूर्व कळली असती. तरी मी चांदचाचांना निरोप पाठवला. ते आता थकले होते, खोदकाम त्यांचा मुलगा करायचा. पण चाचा सडक ओलांडून आले, सावकाश, कमरेवर हात ठेवून. पाळकसाहेब नवीन, तरुण, पुस्तक उघडून उभे. सगळी मंडळी उभी. मी सगळ्यांसमोर चाचांपुढं गेले आणि विचारलं, "चाचा, मगरिब कुणीकडं?"

त्यांनी वर सूर्याकडं बघितलंसुद्धा नाही. हात लांब करून दाखवलं. आम्ही तिकडं सिराणा केला. पाय सारूबाईच्या पायांकडं, मध्ये हातभर माती. प्रार्थना पाळकांनी म्हटली. मी फक्त शेवटी मूठभर माती टाकली आणि मनात सारूबाईला सांगितलं, आला गं.

लोक पांगले. भिंतीच्या कुबडापाशी मी आणि चाचा दोघंच राहिलो. मी म्हटलं, चाचा, त्या दिवशी मी तुम्हाला उलट बोलले, माफ करा. इतकी वर्षं तेवढं म्हणायचं राहिलं होतं. ते हसले. सडकेपलीकडं त्यांच्या कबरस्तानाच्या लिंबाकडं बोट केलं आणि म्हणाले,

"माफी कायकू, बाई? आमचं कबरस्तान हाकेवर हाय. कयामतच्या दिवशी बी दिशा चुकली तर आवाज द्या, मी सांगतो."